मध्ययुगीन चर्चची वस्त्रे: एका ‘झग्या’त सगळे मावेल का?

प्रश्न असा आहे: तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका कॅथीड्रलभोवती घडणाऱ्या कादंबरीचा मराठी अनुवाद चालू आहे. मूळ मजकुरात आल्ब, चॅझुबल, कोप, सरप्लिस, कॅसक हे शब्द पानोपानी येतात आणि शब्दकोश जवळजवळ सगळ्यांपुढे ‘पाद्र्याचा झगा’ एवढेच देतो. मग सगळीकडे ‘झगा’ लिहिले तर चालेल का? आणि ही वस्त्रे जुन्या करारातल्या अहरोनाच्या, म्हणजे इस्राएलच्या पहिल्या महायाजकाच्या, वस्त्रांवरून आली असे कुठेतरी वाचले आहे, तर मराठी बायबलमधले एफोद, ऊरपट, मंदिल हे तयार शब्द घ्यावेत का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते छोटे आहे. घेऊ नका. का ते पुढे येईलच. पहिल्याचे उत्तर लांबण्याचे कारण असे की अडचण प्रतिशब्दांची वाटत असली तरी खरी ती नाही. हे सगळे कपडे एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी नसत, आणि कोणता कपडा अंगावर आहे यावरून तो माणूस त्या क्षणी काय करतो आहे हे त्या काळच्या लोकांना लांबूनही कळे. ‘झगा’ या एका शब्दात ती खूण पुसली जाते. वाचकाला वेदीपाशी उभा असलेला धर्मगुरू, मिरवणुकीतला धर्मगुरू आणि बाजारातून चाललेला धर्मगुरू हे तिघे वेगळे दिसले पाहिजेत. ते दिसले की शब्द कोणता वापरला हे दुय्यम.

मी जुन्या कापडांच्या जतनाचे काम करते. त्यात चर्चची वस्त्रे पुष्कळ येतात. या कामात नाव सगळ्यात शेवटी ठरते. नोंदवहीत काय लिहिले आहे ते मी आधी वाचतच नाही. वस्त्र टेबलावर पसरायचे, ते पुढून उघडे आहे की डोक्यातून घालायचे, खांद्यावर तोलले जाते की कमरेला बांधले जाते, कापड कुठे उभे आणि कुठे आडवे लावले आहे, कुठल्या शिवणी मूळच्या आणि कुठल्या मागाहून मारलेल्या, हे पाहायचे. मग शतक. मग नाव. कारण कापड आणि त्याचे नाव यांचा प्रवास बऱ्याचदा वेगवेगळ्या वाटांनी झालेला असतो. अनुवादातही हाच क्रम ठेवावा असे माझे मत आहे.

आता मुळाकडे. पहिल्या तीन-चार शतकांत ख्रिस्ती धर्मगुरूंचा वेगळा असा वेष नव्हता. रोमन साम्राज्यातला बरा माणूस जे घाली तेच ते घालत, फार तर धुतलेले आणि चांगल्यापैकी. पुरावा म्हणून पोप सेलेस्टीन पहिला याचे 428 सालचे पत्र नेहमी दाखवतात. दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, काही बिशपांनी वेगळाच पेहराव सुरू केला म्हणून त्यांना तो सुनावतो की आपण लोकांपेक्षा वेगळे दिसायचे ते शिकवणीने, कपड्यांनी नव्हे; वागण्याने, वेषाने नव्हे. पाचव्या शतकात पोपच असे म्हणत असेल तर अहरोनाच्या वस्त्रांची परंपरा चर्चमध्ये पहिल्यापासून चालत आली हे म्हणणे टिकत नाही.

मग हे कपडे आले कुठून? रोमन रस्त्यावरून. आतला लांब पांढरा तागाचा सदरा, ट्युनिका आल्बा, तो पुढे आल्ब झाला. ‘आल्बा’ म्हणजे नुसते पांढरे. दाल्मातिया प्रांतावरून नाव पडलेला रुंद बाह्यांचा अंगरखा, दाल्मातिका, हा तर इतका चालू माल होता की सम्राट डायोक्लेशनने 301 साली वस्तूंच्या कमाल किमती ठरवणारे जे फर्मान काढले त्यात त्याचेही दर आहेत. आणि सगळ्यावरून घ्यायची ती पेनुला. हा प्रवासात, थंडी-पावसात घ्यायचा गोल घेराचा, मध्ये डोक्यापुरते भोक असलेला कपडा. आपल्याकडे शेतकरी पावसात घोंगडीची खोळ घेतो, त्याच कुळातला. गावठी म्हणून समजला जाणारा हा कपडा हळूहळू शहरात चढला. 382 सालच्या एका कायद्याने रोमच्या सिनेटरांना शहरात क्लामिस, म्हणजे खांद्यावर अडकवायचा सैनिकी झगा, न घालता पेनुला घालायला सांगितले. म्हणजे तोवर ती सभ्य नागरी पोशाखात जमा झाली होती. हीच पेनुला पुढे चॅझुबल होते.

या स्थित्यंतराचे चित्र डोळ्यांनी पाहायचे असेल तर राव्हेन्ना इथले सान व्हिताले चर्च पाहा. ते 547 साली वाहिले गेले. त्यातल्या सम्राट जस्टिनियनच्या मोझेकमध्ये शेजारी बिशप मॅक्सिमियानुस उभा आहे. अंगात पांढरी दाल्मातिका, तिच्यावर गडद सोनेरी-हिरवट चॅझुबल, आणि खांद्यांवरून लोंबणारा क्रूस काढलेला पांढरा पट्टा, म्हणजे पॅलियम. त्याच्या पलीकडचे दरबारी मात्र क्लामिस घालून आहेत.

फरक पडला तो धर्मगुरूंनी काही नवे घातले म्हणून नव्हे, बाकीच्यांनी जुने सोडले म्हणून. पश्चिम युरोपात जर्मानिक राजवटी आल्या, पुरुषांचा पेहराव आखूड सदरा आणि पायजम्यासारखी विजार असा झाला. चर्चने जुना लांब रोमन पेहराव सोडला नाही. दोन-तीनशे वर्षांत जो कपडा साधा सभ्य कपडा होता तो केवळ वेदीवरचा कपडा उरला. कपडा तसाच राहिला आणि भोवतालचे जग बदलले म्हणून त्याला पावित्र्य आले, हे मला या सगळ्या इतिहासातले सगळ्यात मजेदार वळण वाटते.

अहरोन आला तो याच्यानंतर. नवव्या शतकात आमालारियुस आणि राबानुस माउरुस यांच्यासारख्या विद्वानांनी प्रत्येक वस्त्राला अर्थ जोडायला घेतले, निर्गम पुस्तकातल्या याजकवस्त्रांशी जोड्या लावल्या. 1286 च्या सुमारास मांद धर्मप्रांताचा बिशप दुरांदुस याने तर त्या अर्थांचा भला मोठा ग्रंथच रचला. चॅझुबल म्हणजे सगळ्याला झाकणारी प्रीती, डोक्यावरून घ्यायचा आमिस म्हणजे तारणाचे शिरस्त्राण, अशी ती मांडणी. कादंबरीतले तेराव्या शतकातले पात्र ‘आमची ही वस्त्रे अहरोनाची’ असे म्हणत असेल तर ते पात्र त्याच्या काळाला धरून बोलते आहे. ते वाक्य तसेच ठेवा. निवेदकाच्या तोंडी मात्र एफोद आणि ऊरपट नकोत. मराठी बायबल वाचलेल्या माणसाला ते शब्द थेट निवासमंडपात, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूत, नेऊन उभे करतात.

एक अपवाद आहे आणि तो गोड आहे. काही मोजक्या बिशपांना खांद्यांवरून छातीवर येणारे एक वस्त्र घालायचा मान मिळाला आणि त्याला नाव पडले राशिओनाले. लॅटिन बायबलमध्ये अहरोनाच्या ऊरपटाला हाच शब्द आहे. जर्मनीतले आइखश्टेट आणि पाडरबोर्न, फ्रान्समधले तूल आणि पोलंडमधले क्राकोव्ह इथे तो मान अजून चालू आहे. इथे खरोखरच बायबल वाचून वस्त्र बेतले गेले. तुमच्या इंग्लिश कॅथीड्रलमध्ये याची गरज पडू नये.

आता एकेक प्रसंग घेऊ.

पहिला, मिस्सा, म्हणजे वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करायची चर्चची मुख्य उपासना. वेदीवर मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू कपडे घालतो त्याला ठरलेला क्रम आहे. आधी आमिस, म्हणजे मानेभोवती घ्यायचा तागाचा चौकोनी रुमाल. मग आल्ब. मग कमरेची दोरी, सिंग्युलम. मग डाव्या हातावर मॅनिपल, गळ्यात स्टोल, आणि सगळ्यात वरून चॅझुबल. डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक, चॅझुबलऐवजी दाल्मातिका घालतो, त्याच्या खालचा सबडीकन तसाच पण साधा ट्युनिकल. बिशप मिस्सा करत असेल तर चॅझुबलच्या आत ट्युनिकल आणि दाल्मातिका दोन्ही, शिवाय हातमोजे, खास पायतण, अंगठी, डोक्याला मायटर, म्हणजे बिशपची टोकदार टोपी. उन्हाळ्यात काय हाल होत असतील ते सोडून द्या.

तेराव्या शतकातल्या इंग्लंडसाठी एक तपशील जरूर घ्या, कारण पुढच्या काळात तो जवळजवळ नाहीसा झाला. आल्बच्या घेराला पुढे-मागे आणि मनगटांवर भरतकामाचे चौकोनी तुकडे टाचलेले असत, आणि आमिसच्या काठालाही तशीच भरजरी पट्टी असे. त्यामुळे मानेभोवती ताठ कॉलर उभी असल्यासारखी दिसते. इंग्लंडमधल्या थडग्यांवरच्या पितळी पत्र्यांत धर्मगुरूंची चित्रे पाहिलीत तर हे लगेच लक्षात येईल. इंग्रजीत त्या तुकड्यांना अ‍ॅपरेल म्हणतात. मराठीत ‘भरतकामाचे तुकडे’ एवढे पुरे.

स्टोलबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मराठीत हा शब्द आता कपड्यांच्या दुकानातला झाला आहे. ‘त्याने गळ्यात स्टोल घेतला’ असे वाचले की वाचकाला कुर्तीवरचा स्टोल दिसतो. चर्चमधला स्टोल हा अरुंद लांब पट्टा आहे आणि तो कसा घेतला आहे यावरून माणसाचा दर्जा कळतो. डीकन तो डाव्या खांद्यावरून घेतो; 633 सालच्या टोलेडोच्या धर्मपरिषदेने तसे स्पष्ट सांगितले आहे. मध्ययुगातला धर्मगुरू मिस्सेच्या वेळी छातीवर फुली करून घेई, बिशप सरळ दोन्ही टोके खाली सोडी. सुरुवातीच्या शतकांत या पट्ट्याला म्हणत ओरारियुम. स्टोला हे नाव नवव्या शतकापासून पुढे रुळले, आणि गंमत अशी की अभिजात लॅटिनमध्ये स्टोला म्हणजे रोमन कुलस्त्रीचा पायघोळ पोशाख. लॅटिन बायबलमध्ये उधळ्या पुत्राला बाप जो उत्तम झगा घालायला लावतो तोही स्टोलाच. म्हणून जुन्या लॅटिन मजकुरात नुसता ‘स्टोला’ दिसला की हा पट्टाच असेल असे धरून चालू नका.

मॅनिपल हा मुळात हातरुमाल. घडी होत होत त्याचा डाव्या हातावर लटकणारा शोभेचा पट्टा झाला. तुमच्या कादंबरीच्या काळात तो अत्यावश्यक होता. 1967 साली रोमने त्याची सक्ती काढली आणि तो बहुतेक ठिकाणांहून गेला. त्यामुळे आज चर्चला नियमित जाणाऱ्या वाचकालाही तो ठाऊक नसेल. तिथे अर्ध्या वाक्याचा खुलासा लागेल. हे दोन्ही पट्टे प्रत्यक्ष कसे होते ते डरहॅमला पाहायला मिळते. राणी एल्फलेड हिने विंचेस्टरचा बिशप फ्रिथेस्टान याच्यासाठी 909 ते 916 च्या दरम्यान करून घेतलेले स्टोल आणि मॅनिपल संत कथबर्टच्या शवपेटीत ठेवले गेले होते. 1827 साली पेटी उघडली तेव्हा ते बाहेर आले. टोकांवर राणीचे आणि बिशपचे नाव भरतकामात लिहिले आहे, म्हणून तारखेचा वादच उरला नाही. असे भाग्य आमच्या कामात क्वचित लाभते.

आणि आता चॅझुबल. शब्दाचे मूळ लॅटिन कासुला, म्हणजे छोटे घर, झोपडी. सेव्हिलचा इसिदोर सातव्या शतकात तेच सांगतो: माणसाला घरासारखे झाकते म्हणून कासुला. तेराव्या शतकात चॅझुबल अजून बराचसा असाच होता. चारी बाजूंनी घंटेसारखा खाली पडणारा, हात वर करायचे तर सगळे कापड मनगटांवर गोळा होणारा. धर्मगुरू पवित्र भाकर उंच धरतो तेव्हा मागचा सेवक चॅझुबलची कड उचलून धरतो, ही रीत त्या ओझ्याशी जुळते. भाकर उंच दाखवायची प्रथा 1200 च्या सुमारास रुळली, पुढे कापडेही जड होत गेली. परिणाम असा की बाजूंनी कापड कमी करत करत सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत चॅझुबल पुढे एक फळी, मागे एक फळी असा उरला. गोव्यातल्या जुन्या चर्चमधले चॅझुबल या नंतरच्या बेताचे आहेत. त्यांचे फोटो पाहून तेराव्या शतकातले वर्णन करू नका. मुखपृष्ठाच्या चित्रकारालाही आधीच सांगून ठेवा.

बाजू कापल्या म्हणजे नवा चॅझुबल शिवला असे नेहमी झालेले नाही. जुन्यालाच कात्री लावली. त्या कातरीचे माग आम्हाला टेबलावर दिसतात. नक्षीतला संत कडेपाशी अर्धा कापलेला असतो, नाहीतर जिथे शिवण नाही तिथे जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग असते. अस्तराखाली दबलेल्या पट्टीचा रंग ताजा राहिलेला असतो. सगळ्यात उत्तम उदाहरण हंगेरीचे आहे. हंगेरीच्या राजांचा राज्याभिषेकाचा झगा बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढून उघडा, अर्धवर्तुळाकार. शेवटचा राज्याभिषेक 1916 साली झाला, तेव्हाही तो राजाच्या खांद्यांवर होता. आकार पाहून कोणीही म्हणेल की ही राजाची शाल. पण त्यावर भरतकामातच लॅटिन लेख आहे: ही कासुला राजा स्टीफन आणि राणी गिझेला यांनी 1031 साली करवून सेंट मेरीच्या चर्चला दिली. म्हणजे बेताने तो चॅझुबल होता. पुढे कोणीतरी समोरून उभा चिरला आणि तो राजवस्त्र झाला. लेख नसता तर कापड नीट वाचूनच हे ओळखावे लागले असते, लेख आहे म्हणून सगळ्यांना पटते.

याच्या उलट दिशेचा प्रवास लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या बटलर-बाउडन कोपचा. 1335 ते 1345 च्या दरम्यानचे किरमिजी मखमलीवरचे हे अप्रतिम काम. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंड रोमच्या चर्चपासून फुटल्यावर, ते कापून त्याचे चॅझुबल, स्टोल वगैरे केले गेले, आणि नंतर ते तुकडे परत जुळवून कोप उभा केला.

कोपकडे आलोच आहोत तर दुसरा प्रसंग घेऊ: मिरवणूक. कोप हा पुढून उघडा, छातीवर आकड्याने बंद होणारा, पसरला की अर्धे वर्तुळ होणारा अंगावरचा कपडा. मिस्सा अर्पण करताना तो नसतो. मिरवणूक, संध्याकाळची प्रार्थना, मोठे समारंभ यांत असतो. तो घालायला धर्मगुरूच असावा लागत नाही, गायकमंडळीही घालत. पाठीवर जे ढालीच्या आकाराचे कापड दिसते ते एकेकाळचे टोपरे. हाही मुळात पावसाचाच कपडा. लॅटिनमध्ये याला प्लुव्हियाले असेही नाव आहे.

आणि इथे मराठीत पेच आहे. ‘बिशपने कोप धारण केला’ या वाक्याचा अर्थ मराठी वाचक काय घेईल ते तुम्हीच ठरवा. ‘कोपात आलेला बिशप’ हेही तसेच. पोर्तुगीज वळणाने ‘कापा’ म्हटले तर फणस आठवतो. मी स्वतः ‘काप्पा’ लिहीन. तेराव्या शतकातला इंग्लिश कारकून लॅटिन यादीत हेच नाव लिहीत होता, त्यामुळे ते काळालाही धरून आहे. पहिल्यांदा येईल तिथे ‘काप्पा, म्हणजे खांद्यांवरून घ्यायची समारंभाची जड शाल’ असे एकदा सांगून टाकायचे. या काप्पाचीच एक गोत्रकथा आहे. तूरच्या संत मार्टिनचा झगा फ्रँक राजे पवित्र अवशेष म्हणून बाळगत. तो जिथे ठेवत ती कापेला, तो सांभाळणारे कापेलानी. चॅपेल आणि चॅप्लेन हे शब्द तिथून निघाले, आणि पोर्तुगीज ‘कापेला’मार्गे गोव्यातला ‘कपेल’ही.

गायकमंडळी एरवी काय घालत? सरप्लिस. नावातच कारण आहे: सुपरपेलिकियुम, म्हणजे केसाळ कातड्याच्या कपड्यावरून घालायचे. उत्तरेकडच्या दगडी चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेला थंडी असे, म्हणून आत अस्तरासारखी फर घालत. तिच्यावरून आल्ब चढेना, कारण आल्ब अंगाबरोबर. म्हणून रुंद बाह्यांचा, ऐसपैस घेराचा, पट्टा न लागणारा पांढरा तागाचा कपडा अकराव्या शतकापासून दिसू लागला. म्हणजे आल्ब आणि सरप्लिस दोन्ही पांढरे, दोन्ही तागाचे. फरक कमरेच्या दोरीचा आणि बाह्यांचा. अनुवादात ‘कमरेला दोरी बांधलेला पांढरा झगा’ आणि ‘रुंद बाह्यांचा सैल पांढरा झगा’ एवढे वेगळेपण राखलेत तरी चालेल. ‘झगा’ शब्दाशी माझे वैर नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींच्या तोंडी तो सहज आहे. फक्त तो चॅझुबलला नको, कारण चॅझुबलला बाह्याच नाहीत.

तिसरा प्रसंग, रस्ता. इथे कॅसक हा शब्द लेखकाने तेराव्या शतकात घातला असेल तर शब्द त्या काळाचा नाही. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला, तोही सैनिकांच्या लांब कोटासाठी. धर्मगुरूच्या झग्याला तो चिकटला सतराव्या शतकात. शिवाय त्या काळी धर्मगुरूचा रोजचा कपडा काळाच असे असेही नाही. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने काय ठरवले ते पाहा: वरचा कपडा समोरून बंद असावा, फार आखूड नको, फार लांबही नको, लाल आणि हिरवे कापड नको, टोकदार चोचीचे जोडे नकोत. बंदी घालावी लागली याचा अर्थ लाल-हिरवे कपडे आणि चोचीचे जोडे घालून हिंडणारे धर्मगुरू पुष्कळ होते. तुमच्या कादंबरीत एखादा छानछोकी कॅनन, म्हणजे कॅथीड्रलच्या मंडळातला धर्मगुरू, असेल तर त्याच्यासाठी हा खजिनाच आहे. अनुवादात कॅसकला ‘पायघोळ झगा’ म्हणा, रंग मूळ लेखकाने दिला असेल तरच द्या.

रंगांचाही असाच घोळ होतो. पोप होण्याआधी, बाराव्या शतकाच्या शेवटी, इनोसंट तिसरा याने रोमची रीत लिहून ठेवली: पांढरा सणांना, लाल हुतात्म्यांना आणि प्रेषितांना, काळा पश्चात्ताप आणि मृतांसाठी, हिरवा एरवीच्या दिवसांना. जांभळा काळ्याच्या जवळचा, केशरी हिरव्याच्या जवळचा, असेही तो जोडतो. पण ती रोमची रीत होती. इंग्लंडमध्ये स्थानिक रीती वेगळ्या होत्या, आणि खेड्यातल्या चर्चमध्ये जो सगळ्यात चांगला संच असेल तो मोठ्या सणाला, मग रंग कोणताही असो. सगळीकडे एकच पाच रंग हे 1570 च्या मिस्साग्रंथानंतरचे. म्हणून कादंबरीत ईस्टरला कोणी निळा काप्पा घातला असेल तर लेखकाची चूक म्हणून बदलू नका.

कापड आणि भरतकाम यांच्या शब्दांत मात्र मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, तिथे मोकळेपणाने मराठी वापरा. त्या काळात इंग्लंडचे भरतकाम युरोपभर नावाजलेले होते, लॅटिनमध्ये ओपुस आंग्लिकानुम, म्हणजे इंग्लिश काम. इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस 1246 ची हकिकत सांगतो. पोप इनोसंट चौथा याने इंग्लिश धर्मगुरूंच्या वस्त्रांवरचे सोन्याचे काठ पाहिले, हे कुठे बनते म्हणून विचारले आणि इंग्लंडमधल्या सिस्टर्शियन पंथाच्या मठाधिपतींना असे काम पाठवायला फर्मावले. इंग्लंड म्हणजे आपली आनंदबाग आहे, जिथे पुष्कळ आहे तिथून पुष्कळ काढता येते, अशा अर्थाचे पोपचे उद्गार तो नोंदवतो. लंडनचे व्यापारी खूश झाले, कारण ते मागतील ती किंमत मिळणार होती. हे काम करणाऱ्यांत बायकाही होत्या; राजा तिसरा हेन्री याच्यासाठी काम करणारी बरी सेंट एडमंड्सची मेबल राजाच्या हिशेबांतून आपल्याला माहीत आहे.

या भरतकामाची युक्ती अशी. चांदीचा सोन्याने मढवलेला बारीक पत्रा रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेला असतो. म्हणजे आपले कलाबतू. ते कापडावर नुसते पसरून ठेवायचे, खालून तागाचा दोरा वर आणायचा, कलाबतूला अडकवून त्याच भोकातून परत खाली ओढायचा, की सोन्याचा इवलासा फास मागे जातो. वरून दोरा अजिबात दिसत नाही, आणि प्रत्येक फासापाशी सोने वाकू शकते. म्हणून सगळा पृष्ठभाग सोन्याने भरलेला असूनही काप्पा अंगावर नीट पडतो. पाठीमागून पाहिले की तागाच्या दोऱ्यांच्या समांतर ओळी दिसतात. काम इंग्लिश आहे का याची पहिली तपासणी मी तिथेच करते.

तेव्हा काठाच्या भरजरी पट्टीला ऑर्फ्री न म्हणता ‘जरीपट्टा’ म्हणा. सोन्याच्या धाग्याला ‘कलाबतू’. विणूनच नक्षी काढलेली असेल तर ‘किनखाप’ चालेल, सुईने काढलेली असेल तर ‘कशिदा’ किंवा ‘भरतकाम’. या दोहोंची अदलाबदल नको. समाइट नावाचे कापड येईल, ते जाड, चकाकणारे रेशीम. हे रेशीम इंग्लंडचे नसे. बिझँटियम, स्पेन, इटलीतले लुक्का, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मंगोलांच्या मुलखातून आलेली ‘तार्तार कापडे’. इटलीत फेर्मो इथे कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याचा म्हणून जपलेला जो चॅझुबल आहे त्यावर अरबी लेख आहे. तेव्हा वेदीवरच्या वस्त्रावर अरबी अक्षरे आली तर ती लेखकाची कल्पना समजू नका.

आतापर्यंतचे कामापुरते एकत्र करायचे तर: आल्ब, स्टोल, चॅझुबल, दाल्मातिका, मॅनिपल ही नावे तशीच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे वाक्यातच ओळख करून द्या, कोपचा काप्पा करा, सरप्लिस आणि कॅसक यांना वर्णनाने ‘झगा’ चालेल, काठ, अस्तर, टोपरे, घेर, जरीपट्टा हे सगळे मराठीत. तळटीपा शक्यतो टाळा, कादंबरी आहे.

दोन जागा तेवढ्या पुन्हा तपासा. एक, मृत्युपत्रे आणि चर्चच्या याद्या यांत येणारा ‘व्हेस्टमेंट’. मध्ययुगीन इंग्रजी यादीत ‘लाल मखमलीचे एक व्हेस्टमेंट’ म्हणजे बहुधा एक कपडा नव्हे, मिस्सेचा पूर्ण संच: चॅझुबल, आल्ब, आमिस, स्टोल, मॅनिपल. तिथे ‘लाल मखमली वस्त्रांचा एक जोड’ असे काहीतरी करावे लागेल, नाहीतर गावातल्या विधवेने चर्चला केलेले दान एकदम पाचपट लहान होते. दोन, जिथे एकाच पानावर एकाच माणसाच्या अंगावर आधी काप्पा आणि मग चॅझुबल येतो. ती चूक असेलच असे नाही. मोठ्या सणाला मिस्सेआधीची मिरवणूक काप्पा घालून व्हायची आणि परत आल्यावर तो उतरवून चॅझुबल चढवायचा. लेखकाने कपडे बदलल्याचे लिहिले नसेल तर ‘काप्पा उतरवून’ हे दोन शब्द तुम्ही बेलाशक घाला.